शाळेची नवी खोली आणि वादळाची रात्र
(किनारपट्टीवरील प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या केंद्रातील काही शाळांना नव्या वर्गखोल्या मिळावयाच्या आहेत, आणि त्यांपैकी एका गावी वादळाच्या वेळी गावकऱ्यांना आसरा घेता येईल अशी मोठी खोली बांधण्याचा विचार चालू आहे, असे मला आपल्या पत्रावरून कळले. त्या विषयावर मी काही बोलावे अशी आपण आज्ञा केलीत. मी स्थापत्यशास्त्र शिकलेली नाही. पस्तीस वर्षे मी मुलांना शिकविले, आणि त्यांतील एक रात्र मी शाळेच्या इमारतीकडून शिकले. तेवढ्या अधिकारावरच मी येथे उभी आहे.

मी वेसाव्याची. नकाशावर आणि बसच्या पाटीवर त्याला वर्सोवा म्हणतात; आम्ही कोळीवाड्यातील माणसे वेसावेच म्हणतो. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, पलीकडे मढ, आणि मध्ये वाळूच्या पट्ट्यावर आमची घरे. आमच्याकडे जिल्हा परिषद नाही, शाळा महानगरपालिकेच्या. पण वारा कोणाच्या हद्दीतून वाहतो आहे हे तो विचारीत नाही. त्यामुळे माझा अनुभव आपल्याही उपयोगी पडेल असे वाटते.

२६ जुलै २००५, मंगळवार. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. हा आकडा आपण वर्तमानपत्रांत वाचला असेल. मी त्या वेळी अंधेरीच्या पश्चिम भागातील एका शाळेत होते. दुपारी पाऊस सुरू झाला तेव्हा कोणालाच काही वावगे वाटले नाही. जुलै महिन्यात पाऊस पडावयाचाच. चार वाजेपर्यंत पटांगणात गुडघाभर पाणी झाले. काही पालक येऊन मुलांना घेऊन गेले, उरलेल्यांना आम्ही थांबवून धरले. वीज गेली, दूरध्वनी बंद पडला. संध्याकाळी मोजले तेव्हा ऐंशीच्या आसपास मुले आणि आम्ही पाच शिक्षक, एवढी माणसे शाळेत अडकली होती.

इमारत पक्की होती. तिची एक वीटही हलली नाही. पण त्या रात्री आमची अडचण भिंतींची नव्हतीच. वरच्या मजल्यावर तीन खोल्या होत्या, त्यांपैकी दोन खोल्यांना कुलूप होते. किल्ल्या शिपायाकडे, आणि शिपाई दुपारीच घरी गेलेला. ऐंशी मुले एका खोलीत आणि जिन्यावर बसली. शाळेत कंदील नव्हता. पिण्याच्या पाण्याची टाकी तळाशी. तिच्यात पुराचे पाणी शिरले. आणि शौचालय पटांगणाच्या पलीकडे, कमरभर पाण्यात.

"बाई, मला जायचं आहे," असे लहान मुले निदान सांगत तरी होती. त्यांच्यासाठी आम्ही कोपऱ्यात एक बादली ठेवली. सातवीच्या मुली काही बोलल्या नाहीत. शेजारच्या चाळीतील एका भल्या बाईने गॅलरीतून दोरीला बांधून चपात्या आणि पाण्याची कळशी पाठविली, तेव्हा त्या मुलींनी पाणी घेतले नाही. मला प्रथम वाटले, मुली भ्यायल्या आहेत. मग ध्यानात आले की त्या विचारपूर्वक तहानलेल्या राहत होत्या. सकाळपर्यंत. बंधुभगिनींनो, इमारतीचा आराखडा काढताना शौचालय 'मागाहून पाहू' असे जेव्हा कोणी म्हणतो, तेव्हा मला त्या मुलींची आठवण येते.

दुसरी हानी आम्हांला आठ दिवसांनी कळली. कचेरीच्या कपाटातील सर्वांत खालच्या फळीवर जुनी जनरल रजिस्टरे होती. जड वस्तू खाली ठेवावी, हा आपला साधा हिशेब. ती भिजून लगदा झाली. पुढे कित्येक वर्षे माणसे येत राहिली. कोणाला जन्मतारखेचा दाखला हवा, कोणाला जातीच्या पडताळणीसाठी आजोबांच्या नावापुढची नोंद हवी. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या गुरुजींनी बोरूने लिहिलेली एक ओळ, आणि तिच्यावर एखाद्या मुलाचे पुढील शिक्षण अवलंबून. ती ओळ आम्ही राखू शकलो नाही. त्या माणसांना 'नोंद उपलब्ध नाही' असे लिहून देताना माझा हात जड होई. म्हणून आपल्या नव्या बांधकामात एक गोष्ट माझ्यासाठी करा: दप्तराची फळी जमिनीपासून निदान चार फूट उंच, आणि तीही गळतीच्या भिंतीला लावलेली नको.

आता वाऱ्याकडे वळू. २००५ साली आम्हांला पावसाने गाठले होते. आपणांस ३ जून २०२० रोजी वाऱ्याने गाठले. निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस दुपारच्या सुमारास किनाऱ्यावर आले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरहून अधिक होता. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड ह्या भागांतील नारळी-पोफळीच्या बागा कशा आडव्या झाल्या हे मी आपणांस सांगणे म्हणजे आपल्याच घरची हकीकत आपल्याला ऐकविणे होय. शाळांची छपरेही उडाली. ती का उडाली, एवढेच पाहू.

वारा छपराला वरून दाबतो अशी आपली समजूत असते. वस्तुतः तो बहुतेक वेळी छपराला वर ओढतो. उद्या वर्गात एक प्रयोग करून पाहा. कागदाची एक अरुंद पट्टी खालच्या ओठाखाली धरून तिच्यावरून जोराने फुंकर मारा. लोंबणारी पट्टी वर उचलली जाईल. छपराचेही तेच होते. त्यातही समोरच्या बाजूची एखादी खिडकी फुटली किंवा दार उघडले, तर वारा आत शिरून आतूनही छपराला ढकलतो. मग वरून ओढ आणि खालून रेटा, असे दुहेरी संकट ओढवते. म्हणून वादळात समोरची दारे-खिडक्या घट्ट लावावयाच्या असतात. 'वारा खेळता राहू द्या' हा सल्ला तेथे कामाचा नाही.

आता थोडे गणित. अभियंते वाऱ्याचा दाब काढण्यासाठी एक सोपे सूत्र वापरतात: वेग सेकंदाला जितके मीटर, त्याचा वर्ग करून ०.६ ने गुणावे. दर चौरस मीटरवर तितके न्यूटन दाब येतो. ताशी ११० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेतीस मीटर धरा. उत्तर सुमारे ५६० न्यूटन येते, म्हणजे चौरस मीटरला ५७ किलो वजनाइतका जोर. सहा मीटर लांब-रुंद वर्गखोलीच्या ३६ चौरस मीटर छपरावर सरासरीने तेवढी ओढ धरली, तर एकूण दोन टन झाले. आणि पत्र्याचे स्वतःचे वजन? चौरस मीटरला पाच किलोच्या आसपास. सगळे छप्पर मिळून दोनशे किलोसुद्धा नाही. तेव्हा छप्पर जागेवर राहते ते त्याच्या वजनाने नव्हे, हुकांच्या जोरावर. चाळीस हुक असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला पन्नास किलो. वळचणीच्या आणि कोपऱ्याच्या हुकांना त्याहून बरेच अधिक, कारण ओढ तेथे सर्वांत जास्त असते. त्यातले चार गंजून तुटले की पाचव्यावर भार येतो. छप्पर उडताना एकदम उडत नाही. कोपऱ्यापासून उसवत जाते. कौले पत्र्याहून कितीतरी जड खरी, पण ती एकमेकांवर नुसती टेकलेली असतात. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, हेही ह्याच सूत्रातून मुलांना दिसेल. भारतीय मानकांत मुंबईसाठी जो मूळ वाऱ्याचा वेग धरला आहे तो सेकंदाला ४४ मीटर आहे. त्याचा दाब आपले विद्यार्थी फळ्यावर काढू शकतील. उत्तर ११८ किलोच्या आसपास यावे.

ह्यावर कोणी म्हणेल, मग काँक्रीटचा स्लॅब घालावा म्हणजे प्रश्न मिटला. बऱ्याच अंशी मिटतो. आसऱ्याची खोली स्लॅबचीच हवी, ह्याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु कोकणात स्लॅब गळतो, आणि तो गळू लागला की आपण त्याच्यावर पत्र्याची शेड उभी करतो. ती शेड कोणत्याही आराखड्यात नसते. तिचे खांब स्लॅबमधील सळईला जोडलेले नसतात. वादळात पहिले उडते ते हेच छप्पर, आणि उडालेला पत्रा कोणाच्या अंगावर जाईल ह्याचा नेम नसतो. दुसरे असे की स्लॅब खाडीच्या वाळूचा असेल तर त्या वाळूतील मीठ आतील सळई गंजविते. गंजलेली सळई फुगते आणि पंधरा-वीस वर्षांत तळाची खपली मुलांच्या डोक्यावर पडू लागते. बांधकाम चालू असता वाळू कोठून आली हे विचारण्यास अभियंता असण्याची गरज नाही. चिमूटभर वाळू जिभेवर ठेवली तरी पुरे. मी हे विनोदाने सांगत नाही. आमच्या वाड्यातील जुने गवंडी असेच करीत.

आता मुख्य मुद्द्यावर येते. वादळे केव्हा येतात? अरबी समुद्रात ती बहुधा पावसाळ्याच्या तोंडाशी, मे-जूनमध्ये, आणि पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होतात. ११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान आले, दिवाळी होऊन महिना भरला नव्हता. ३ जून २०२० ला निसर्ग. १७ मे २०२१ रोजी तौक्ते मुंबईजवळून उत्तरेस गेले. त्या दिवशी वेसाव्याच्या खाडीत आमच्या माणसांनी होड्यांना दुहेरी दोर लावले होते आणि तरीही रात्रभर कोणाचा डोळा लागला नाही. १५ जून २०२३ ला बिपरजॉय गुजरातच्या किनाऱ्यावर चढले. ह्या तारखा शाळेच्या दिनदर्शिकेशेजारी ठेवून पाहा. उन्हाळी सुट्टी, शाळा उघडण्याचा आठवडा, दिवाळीच्या सुट्टीचे दिवस. म्हणजे ज्या वेळी शाळेला कुलूप असते आणि आपण आपल्या गावी गेलेले असतो, नेमक्या त्याच वेळी गावाला शाळेची गरज पडते.

म्हणून आसऱ्याच्या खोलीविषयी माझा पहिला प्रश्न तिच्या लांबी-रुंदीचा नाही. सुट्टीत तिची किल्ली कोणाकडे राहील, हा आहे. २००५ साली वरच्या मजल्याच्या दोन खोल्या आमच्यासाठी असून नसल्यासारख्या झाल्या, त्या एका किल्लीपायी. माझी सूचना अशी की किल्ल्यांचे तीन जुडगे करावेत. एक मुख्याध्यापकांकडे, एक सरपंचांकडे किंवा पोलीस पाटलांकडे, आणि एक शाळेच्या अगदी जवळ राहणाऱ्या, बारा महिने गावात असणाऱ्या एखाद्या घरी. शक्यतो त्या घरच्या बाईकडे. पुरुष मासेमारीला किंवा चाकरीला बाहेर असतो. सुट्टी लागण्याच्या दिवशी किल्ली दिल्याची नोंद वहीत करून सही घ्यावी. बावटा लागला, म्हणजे बंदरात धोक्याची खूण चढली, की दार उघडावयाचे. मुख्याध्यापकांच्या परवानगीची वाट पाहावयाची नाही.

ओडिशाचे उदाहरण ह्या बाबतीत पाहण्यासारखे आहे. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे मेली. रेडक्रॉसने आधी बांधून ठेवलेली थोडी आश्रयगृहे किनाऱ्यावर होती. त्यांत हजारो लोक वाचले. त्यानंतर त्या राज्याने अशी आश्रयगृहे मोठ्या संख्येने उभी केली. खाली उंच खांब, वर प्रशस्त खोल्या, चढण्यास जिना आणि उतार; आणि त्यांतील कितीतरी ठिकाणी एरवी शाळा भरते. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी फायलिन तेथेच आले. सुमारे दहा लाख माणसे आधीच हलविण्यात आली होती आणि मृतांची संख्या शंभराच्या कितीतरी खाली राहिली. हे श्रेय एकट्या इमारतींचे नव्हे. हवामान खात्याची सूचना वेळेवर मिळाली, वाहने मिळाली, माणसांनी ऐकले. पण माणसे का ऐकतात? मला वाटते, ज्या इमारतीत आपले मूल रोज जाते, तिचा जिना, नळ, अंधारी बाजू ही आईला ठाऊक असते. तेथे जाण्यास ती कचरत नाही. गावाबाहेर बांधलेल्या, वर्षभर बंद असलेल्या, दाराला झुडपे वाढलेल्या सरकारी इमारतीत रात्री मुलेबाळे घेऊन कोणी जात नाही. म्हणून आसरा वेगळा बांधू नये, शाळेतच असावा, ह्या मताची मी आहे.

आपला किनारा ओडिशासारखा सपाट नाही. मागे डोंगर आहे, आणि समुद्राचे पाणी चढले तर बहुतेक गावांना उंचवट्याची जागा सापडते. तेव्हा प्रत्येक शाळा खांबांवरच उभारली पाहिजे असा आग्रह नको; खाडीकाठच्या गावी तो विचार अवश्य करावा. उलट, डोंगराच्या अगदी पायथ्याशी, दरडीखाली खोली बांधून वाऱ्यापासून वाचण्याच्या नादात दरडीच्या तोंडी जाऊ नये. २००५ च्या जुलैत महाड तालुक्यात आणि २२ जुलै २०२१ रोजी तळीये येथे दरडींनी काय केले, ते आपल्या जिल्ह्याला सांगावयास नको.

आता एक तक्रार, जी आपल्यापैकी अनेकांच्या मनात असेल. शाळा गावाला आसऱ्यासाठी दिली की पुढे काय होते? वादळ एका दिवसात जाते, माणसे महिनाभर राहतात. बाके मोडतात, भिंती काळवंडतात, शाळा भरविण्यास जागा नसते; आणि दुरुस्तीची वेळ आली की शाळा पुन्हा एकट्या मास्तरांची होते. ही तक्रार खोटी नाही. ज्याचे घर मोडले त्याला 'उद्यापासून शाळा आहे, निघा' असे सांगणेही माणुसकीचे नाही. ह्यातून मार्ग एकच दिसतो: बोलणे आधी करावे. शांततेच्या दिवसांत ग्रामसभेपुढे विषय ठेवून ठरवून घ्यावे की कोणत्या खोल्या आसऱ्याच्या, कोणती खोली कोणत्याही परिस्थितीत शाळेकडे राहील, चूल कोठे पेटेल आणि झालेल्या मोडतोडीचा खर्च कोण करील. वादळ झाल्यावर ह्या गोष्टी ठरत नाहीत. फक्त भांडणे होतात. माझ्या मते, नवीन खोल्या बांधण्याचे खरे कारण हेच सांगता येईल. दोनच खोल्यांची शाळा आसरा देते तेव्हा शिक्षण थांबते. चार खोल्यांची शाळा दोन खोल्या देऊनही चालू राहते.

मागणी कशी करावी, हे आपणांस माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. तथापि एका गोष्टीकडे लक्ष वेधते. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेची इमारत सर्व ऋतूंत टिकणारी असावी असे म्हटले आहे. दर शिक्षकामागे निदान एक वर्गखोली, मुलामुलींसाठी वेगळी शौचालये, पिण्याचे पाणी, अडथळ्यावाचून आत येता येईल अशी वाट, हेही त्यात आहे. आसऱ्याला लागणाऱ्या बहुतेक गोष्टी ह्याच होत. पांगळ्या मुलासाठी केलेल्या उतारावरूनच वादळाच्या रात्री म्हातारीला खाटेसकट वर नेता येते. त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीला शाळेचा विकास आराखडा करावयास सांगितले आहे, आणि अनुदानाचा आधार तो आराखडा असतो. समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. पुष्कळ ठिकाणी हा आराखडा मुख्याध्यापक एका दुपारी एकटेच भरून टाकतात आणि सह्या मागाहून होतात. मीही तसे केले आहे, नाकारीत नाही. पण ह्या वेळी तसे करू नका. पालकांना शाळेत बोलवा, प्रत्येक खोलीत उभे करा आणि विचारा: वादळाच्या रात्री तुम्ही येथे किती जण, किती वेळ बसू शकाल? माणशी एक चौरस मीटर धरले तर मघाच्या त्या खोलीत छत्तीस माणसे कशीबशी बसतील. निजण्याचे नाव नको. वाडीत घरे किती, हे त्यांना ठाऊकच असते. गणित ती स्वतः करतील आणि खोली किती मोठी हवी हे त्यांच्या तोंडून येईल. शौचालयाचा प्रश्न मात्र बायकांना वेगळे बसवून विचारा. सभेत त्या बोलणार नाहीत, जशा त्या सातवीच्या मुली बोलल्या नाहीत.

त्या मुलींपैकी एक आता दोन मुलांची आई आहे. वेसाव्यालाच असते, बाजारात मासळी विकते. तौक्तेच्या वेळी सकाळीच ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "बाई, शाळेची किल्ली कोणाकडे आहे?" मी निवृत्त झालेली, मला माहीत नव्हते. ती स्वतः चार घरे फिरून किल्ली शोधून आली, आधी मागचे शौचालय उघडून पाहिले, आणि मग घरी गेली.

अध्यक्ष महाराज, चहाची वेळ झाली आहे हे मला दिसते. आपली अनुमती असेल तर त्यापूर्वी पाच मिनिटे सर्वांनी ह्या इमारतीच्या मागील बाजूस यावे. समुद्राकडील वळचणीचे दोन हुक गंजून अर्धे उरले आहेत, ते मी सकाळी येताना पाहिले. शिडी मी मागवून ठेविली आहे.